गोडाचा बोर्ड: पाहुण्यांसाठी मिठाई, फळं आणि सुक्यामेव्याचं ताट कसं मांडायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जेवण झालं की वाढपी फिरवायचे नाहीत. टेबलाच्या मधोमध गोडाचं एकच मोठं ताट ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे साखरपुड्याला, बारशाला, वाढदिवसाला असा ‘डेझर्ट बोर्ड’ आता दिसू लागला आहे. इंटरनेटवरचे नमुने मात्र कुकीज, मार्शमेलो, ब्राउनी यांचे असतात. आपली मिठाई त्याहून जड, जास्त गोड आणि जास्त ओली. तोच नमुना कुंदा (आटवलेल्या दुधाची रवाळ मिठाई) आणि करदंट (डिंक-गुळाची वडी) यांना लावला की ताट फसतं. खालची उत्तरं आपल्याकडची मिठाई आणि आपल्याकडची हवा धरून दिली आहेत.

नेहमीच्या मिठाईच्या ताटात आणि यात फरक काय?

मिठाईच्या ताटात सगळंच गोड असतं. बोर्डावर साधारण निम्मं गोड, पाव भाग फळं आणि उरलेला पाव भाग खारट, कुरकुरीत आणि सुकामेवा. कुंद्याच्या दोन चमच्यांनंतर जीभ गोडाला कंटाळते. मग दोन खारे काजू, चार डाळिंबाचे दाणे तोंडात टाकले की ती पुन्हा तयार होते. हे आंबट-खारट काढून टाकलं तर पाहुणे दोन घास घेऊन हात धुतात आणि ताट तसंच राहतं. बोर्ड न संपण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. मिठाई वाईट असते म्हणून ताट उरतं, असं क्वचितच होतं.

बारा माणसांना किती लागेल?

जेवणानंतर ठेवणार असाल तर माणशी ९० ते ११० ग्रॅम, त्यात फळंही आली. संध्याकाळी जेवण न ठेवता नुसता चहा आणि हाच बोर्ड असेल तर माणशी १६० ते १८० ग्रॅम. बारा जणांच्या जेवणानंतरच्या बोर्डासाठी हे माप पुरतं:

- कुंदा २०० ग्रॅम, दोन लहान वाट्यांत
- करदंट २०० ग्रॅम, दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून
- धारवाडी पेढा २०० ग्रॅम, प्रत्येकाचे दोन भाग
- शंकरपाळी किंवा शेंगाची पोळी १०० ग्रॅम
- चॉकलेट १०० ग्रॅम, शक्यतो कडवट
- फळं ३०० ग्रॅम, सोलून-कापून झाल्यावरचं वजन
- काजू, बदाम, बेदाणे मिळून १०० ग्रॅम
- भडंग, खारे काजू किंवा बारीक शेव १०० ग्रॅम
- मांडे २, आयत्या वेळी मोडून

एवढं सगळं ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या फळीवर बसतं. थोडी दाटी होते, पण ती हवीच. ताट मोठं आणि माल थोडा असेल तर कितीही नीट मांडा, उष्टं-उरलेलं दिसतं.

तुकड्यांचा आकार हा आकड्यांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा आहे. दुकानातला अख्खा पेढा किंवा करदंटाची अख्खी वडी एका माणसाला जास्त होते. तो अर्धी खातो आणि उरलेली अर्धी परत ठेवता येत नाही. एका घासात जाईल एवढाच तुकडा करायचा. तेवढ्याच किलोत पाहुण्याला पाच-सहा चवी घेता येतात.

माणसं पन्नास असतील तर याचं चौपट करायचं का?

नाही. पंचवीसच्या पुढे माणशी ८० ग्रॅम धरा. ताटही एकच मोठं नको, तीन-चार लहान ठेवा, दोन वेगवेगळ्या टेबलांवर. एकाच ताटाभोवती पन्नास माणसं उभी राहिली की मागच्याला फक्त भडंग मिळतं. पदार्थांचे प्रकार वाढवू नका. आठ-नऊ बास.

बोर्ड म्हणून काय वापरायचं? घरातला पाट चालेल का?

ज्यावर माणूस बसतो त्यावर अन्न ठेवायचं नाही, हे घरातल्या मोठ्यांनी सांगायच्या आधीच लक्षात घ्यावं. शिवाय पाटाला बहुधा व्हार्निश किंवा रंग असतो. ओल्या फळांखाली तो सुटतो.

पोळपाट उत्तम. गोल असतो, खाली पाय असल्याने उचलायला सोपा आणि लाकूड सहसा बिनपॉलिशचं. दोन-तीन पोळपाट वेगवेगळ्या उंचीवर ठेवले की मांडणीला आपोआप उठाव येतो. मसाल्याचा वास लागला असेल तर जाडं मीठ भुरभुरून अर्ध्या लिंबाने चोळा, ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर उभा करून वाळवा. मोठी फळी सुताराकडून करून घेणार असाल तर साग, शिसम किंवा फणसाचं लाकूड घ्या, जाडी दोन सेंटिमीटर. प्लायवूड किंवा एमडीएफ नको. कडेने पाणी ओढतं आणि फुगतं.

पितळी परात दिसायला सुरेख. पण कल्हई नसेल तर त्यात आंबट फळ, श्रीखंड, दही असं काहीही थेट ठेवू नका. आंबटाने पितळ कळकतं आणि पदार्थ खराब होतो. केळीचं पान अंथरणार असाल तर आधी विस्तवावर किंवा गॅसच्या ज्योतीवरून भर्रकन फिरवून मऊ करून घ्या, नाहीतर ते शिरेवर फाटतं.

आपल्या भागातल्या कुठल्या मिठाया बोर्डावर चालतात?

करदंट पहिल्या नंबरावर. गोकाकचा असो की अमीनगडचा, तो डिंक, गूळ, खोबरं आणि सुक्यामेव्याचा असतो. दूध नाही, त्यामुळे तासन्‌तास बाहेर राहिला तरी बिघडत नाही. नीट कापला जातो आणि हाताला फार चिकटत नाही. नावातच त्याची कृती आहे: कन्नडमध्ये अंटु म्हणजे डिंक, आणि करिद म्हणजे तळलेला.

धारवाडी पेढा दुसरा. त्याचा खवा तपकिरी होईपर्यंत भाजलेला असतो, वरून साखर घोळलेली असते. पांढऱ्या पेढ्यापेक्षा त्यात पाणी कमी, म्हणून तो शेजारच्या पदार्थाला ओल देत नाही.

कुंदा हवाच, पण वाटीतच. फळीवर थेट ढीग केला तर तूप सुटून लाकडात मुरतं आणि अर्ध्या तासात कडेने कोरडा पडतो. वाटीत लहान चमचा ठेवा. चमचा विसरला की लोक शंकरपाळीने उचलतात. खरं तर ते वाईट लागत नाही.

शेंगाची पोळी फार कमी लोक बोर्डावर ठेवतात, आणि तीच इथली खरी बिस्किटं. शेंगदाणे-गुळाचं सारण असल्याने ती आठवडाभर टिकते, भाजल्यावर खुसखुशीत राहते आणि पिझ्झ्यासारखे आठ त्रिकोण कापले की हाताने उचलायला एकदम बरोबर. पुरणपोळी मात्र नको. ती गरम आणि तुपासोबतच चांगली. गार पुरणपोळीचे तुकडे ताटात कोणी हात लावत नाही.

रसाचं काहीच नको. गुलाबजाम, रसगुल्ले, जिलेबी यांचा पाक पहिल्या पाच मिनिटांत ताटभर पळतो. ठेवायचेच असतील तर गुलाबजाम पाकातून काढून जाळीवर तासभर निथळवा, किसलेल्या खोबऱ्यात घोळवा आणि कागदी द्रोणात एकेक ठेवा. रसमलाईला या ताटात जागा नाही.

चोर्ल्याच्या घाटातून गोव्याची मिठाईही येते. दोदोल नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाच्या पिठाचा, बोर्डावर छान बसतो. बेबिंकात अंड्याचा बलक असतो. शाकाहारी पाहुणे असतील तर ती वेगळ्या बशीत ठेवा आणि सांगा.

नागपंचमीच्या आसपास बोर्ड मांडायचा तर बाजारात जायची गरजच नाही. तंबिट्टाचे (भाजलेल्या पिठाचे), शेवेचे, रव्याचे, शेंगदाण्याचे लाडू घरात असतातच. फक्त नेहमीच्या निम्म्या आकाराचे वळा.

कुंदा घरी करता येतो का?

येतो, वेळ लागतो. एक लिटर म्हशीचं सायीसकट दूध जाड बुडाच्या कढईत निम्मं होईपर्यंत आटवा. दोन मोठे चमचे दही घाला. दूध किंचित फाटून दाणा पडतो, तोच कुंद्याचा रवाळपणा. दही जास्त झालं तर आंबटपणा राहतो आणि पनीरसारखे गोळे होतात. दुसऱ्या भांड्यात तीन मोठे चमचे साखर कोरडीच, मंद आंचेवर मधाच्या रंगाची होईपर्यंत वितळवा आणि दुधात ओता. दूध उसळतं, हात लांब ठेवा. मग आणखी ८० ग्रॅम साखर घालून ढवळत राहा. कडा सोडू लागला, तूप दिसू लागलं की वेलची घालून उतरवा. साधारण सव्वा ते दीड तास आणि ३०० ते ३५० ग्रॅम कुंदा.

साखर काळसर होईपर्यंत जाळली तर कुंदा कडू होतो आणि मग काहीही केलं तरी तो सुधारत नाही. रंगासाठी घाई करू नका. गार झाल्यावर तो आणखी एक छटा गडद दिसतो. उतरवतानाही थोडा सैल असतानाच उतरवा, कारण गार होताना घट्ट होतो.

मांडणीचा क्रम काय?

आधी वाट्या. कुंदा, श्रीखंड, भडंग यांच्या तीन वाट्या त्रिकोणात, एकमेकींपासून लांब. सरळ रेषेत ठेवल्या तर ताट हॉटेलच्या लोणच्याच्या ट्रेसारखं दिसतं.

मग मोठे आणि ठाम आकाराचे तुकडे: करदंट, पेढे, पोळीचे त्रिकोण. प्रत्येक पदार्थाचा एकच ढीग न करता दोन जागी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या माणसांच्या हाताला सगळं लागतं. पोळीचे त्रिकोण एकावर एक सरकवून पंख्यासारखे लावा. करदंट रचून थोडी उंची आणा.

तिसरी पायरी फळांची. फळ कधीही करदंट, शंकरपाळी किंवा मांड्याला चिकटून नको, मध्ये सुक्यामेव्याचा बांध घाला. काजू-बदामाची ही रेघ नुसती शोभेची नसते. ओल तिथेच अडते. ताटाच्या एका बाजूला ओलं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं एवढी ढोबळ विभागणी डोक्यात ठेवली तरी निम्म्या अडचणी टळतात.

चौथी, बेदाणे, पिस्ते, डाळिंबाचे दाणे यांनी भोकं बुजवणं. फळी दिसेनाशी झाली पाहिजे. काजू चंदगडकडचे मिळाले तर भाजून, किंचित मीठ लावून घ्या. बेदाणे विजापूर-अथणी भागातले सहज मिळतात. दोन प्रकार घेतले, हिरवट आणि काळे, तर रंग उठून दिसतात.

सगळ्यात शेवटी, पाहुणे ताटावरून उठत असताना, मांडे आणि चॉकलेट.

वेळेचं गणित असं: आदल्या दिवशी करदंट कापून डब्यात, लाडू वळून, काजू भाजून तयार. दोन तास आधी फळी पुसून वाट्यांच्या जागा ठरवायच्या. एक तास आधी कोरडा माल लावायचा. अर्धा तास आधी कुंदा फ्रिजमधून बाहेर, कारण गार कुंद्याला वास नसतो आणि तूप थिजून जिभेला मेणासारखं लागतं. त्याच वेळी फळं कापायची.

मांडे मऊ का पडतात? परत कुरकुरीत करता येतात का?

मनातले मांडे कधी मऊ पडत नाहीत, ताटातले पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत पडतात. मांडा कागदाइतका पातळ असतो, पालथ्या भांड्यावर भाजलेला, आत पिठीसाखर, तूप आणि खसखस. पातळ असल्याने हवेतली ओल त्याला लगेच लागते आणि आतली पिठीसाखर ती ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या हवेत उघडा मांडा टिकवण्याचा उपाय नाही. त्या दिवसांत तो बोर्डावर न ठेवता हवाबंद डब्यात ठेवा आणि माणसं बसली की हाताने मोडून द्या.

मऊ पडलेला मांडा ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढून जाळीवर गार होऊ द्या. गरम असताना तो मऊच लागतो, गार झाल्यावर कुरकुरीत होतो. न समजून लोक पुन्हा आत ठेवतात आणि साखर जाळतात. ओव्हन नसेल तर जाड तवा मंद तापवून, गॅस बंद करून त्यावर ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, वातड होतो. शंकरपाळीला १३० अंशांवर आठ-दहा मिनिटं लागतात.

करदंट कापताना भुगा होतो किंवा सुरीला चिकटतो. काय करायचं?

हिवाळ्यात सकाळी बेळगावात करदंट दगडासारखा असतो. डबा तासभर उन्हात किंवा गरम भांड्याशेजारी ठेवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, तुपाचं बोट लावून घ्या आणि करवतीसारखी ओढू नका, वरून सरळ दाबा. पावसाळ्यात उलट होतं. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि वडी चिकट होते. तेव्हा कापण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कापून झाल्यावर तुकड्यांवर सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस भुरभुरा. बोर्डावर त्याखाली बटर पेपर हवा.

चॉकलेटला घाम येतो, कधी पांढरी बुरशी दिसते. फेकायचं का?

घाम म्हणजे थंड चॉकलेटवर जमलेली हवेतली वाफ. फ्रिजमधून काढून लगेच उघडलं की येतो. वेष्टनासकट बाहेर काढा, वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या, मग उघडा. पांढरी पावडर बहुतेक वेळा बुरशी नसते. चॉकलेट वितळून पुन्हा गोठलं की त्यातली चरबी वर येते, घाम सुकला की साखर वर येते. खायला चालतं, दिसायला नाही. अशाचा चुरा करून श्रीखंडावर घाला. एप्रिल-मेमध्ये दुपारचा कार्यक्रम असेल तर चॉकलेट वगळाच.

कुठल्या महिन्यात कुठली फळं?

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपा काळ: द्राक्षं, पेरू, बोरं, अंजीर, महाबळेश्वरहून येणारी स्ट्रॉबेरी. मार्चच्या शेवटापासून आंबा, पुढे खानापूर-चंदगड पट्ट्यातला फणस, करवंदं, जांभळं. कापा फणस घ्या, बरका नको. बरक्याचे गरे लिबलिबीत असतात, ताटात पसरतात. जांभूळ आणि करवंद डाग पाडतात, त्यांना वाटी द्या.

पावसाळ्यात फळांवर फार भर देऊ नका. डाळिंब, सफरचंद पुरे. किंवा फळाऐवजी रताळं. बेळगावच्या आजूबाजूच्या लाल मातीत ते भरपूर पिकतं. उकडून, किसून, गूळ-वेलची घालून छोट्या टिक्क्या तुपावर परता. गार झाल्यावरही चांगल्या लागतात.

सफरचंद काळं पडतं, केळं तर लगेचच.

सफरचंद आणि पेरूच्या फोडी दोन कप पाण्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून तीन-चार मिनिटं बुडवा, मग फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. कोरडं करण्याची पायरी गाळली तर तेच पाणी शंकरपाळ्यांकडे जातं. केळं ठेवू नका.

अननस ठेवल्यावर शेजारचं श्रीखंड कडू का झालं?

ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं. ते दुधाच्या पदार्थाला लागलं की पदार्थ पातळ आणि कडवट होतो. पपईचंही तेच. अननस पाच मिनिटं शिजवला की हा गुण जातो, म्हणून अननसाचा शिरा किंवा डब्यातला अननस कडू होत नाही. ताजा ठेवायचा तर कुंदा-श्रीखंडाच्या विरुद्ध टोकाला, वेगळ्या काड्यांसह.

श्रीखंडाला पाणी सुटतं.

चक्का कमी निथळला आहे. एक लिटर घट्ट दही फडक्यात बांधून आठ ते दहा तास टांगा, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. चक्का बोटाने दाबला तर बोट ओलं होता कामा नये. साखर आदल्या रात्री मिसळा, आणि सकाळी वर पाणी दिसलं तर ओतून टाका. बोर्डासाठी साखर नेहमीपेक्षा थोडी कमी, चक्क्याच्या साठ टक्के पुरे. बाजूला एवढं गोड असताना श्रीखंड आंबटसरच बरं लागतं.

ताट किती वेळ बाहेर चालतं?

श्रीखंड, कापलेली फळं आणि कुंदा दोन तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. धारवाडी पेढा जास्त तग धरतो, करदंट, लाडू, शंकरपाळी, सुकामेवा दिवसभर. कार्यक्रम लांबणार असेल तर कुंदा आणि श्रीखंड एकदम न काढता दोन हप्त्यांत काढा: पहिल्या वाट्या संपल्या की त्या उचलून नव्या ठेवा. रिकाम्या वाटीत वरून भर घालू नका.

मुंग्या आणि माश्या?

टेबल भिंतीपासून हातभर सरकवा आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. टेबलक्लॉथ जमिनीला टेकत असेल तर या वाट्यांचा उपयोग शून्य, मुंग्या कापडावरून चढतात. माश्यांसाठी जाळीचं झाकण. ओला रुमाल टाकू नका, वाफ धरून सगळं मऊ पडतं.

पाहुण्यांमध्ये जैन मंडळी आहेत. काय जपायचं?

अंडं आणि मध वर्ज्य, कंदही, म्हणजे वरच्या रताळ्याच्या टिक्क्या बाद. ओलं अंजीर बरेच जण खात नाहीत. जेली, मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं. चायना ग्रासची जेली चालते. पाकिटावर हिरवा ठिपका बघा. बेळगावच्या कॅम्पातल्या बेकरीतून केक किंवा बिस्किटं आणत असाल तर अंडं आहे का ते तोंडी विचारा, सुट्या मालावर ठिपका नसतो. वर्ख प्राण्यांच्या आतड्यात-कातड्यात कुटलेला आहे की नाही ते कळत नसेल तर बिनवर्खाची मिठाई घ्या.

वेळेचा मुद्दा लोक विसरतात. सूर्यास्तानंतर न जेवणारी मंडळी असतील तर डिसेंबरात ताट पाचच्या आत मांडून झालं पाहिजे. चातुर्मासात पथ्यं आणखी वाढतात, तेव्हा त्यांच्या घरी एक फोन करून विचारलेलं बरं.

एकादशी किंवा चतुर्थी आली तर?

उपवासाचा पोळपाट वेगळा मांडा: राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, घरचा कुंदा, फळं. एकाच ताटात कोपरा राखला तर शंकरपाळीचा चुरा तिकडे जातोच, आणि उपवास करणारा माणूस संकोचून काहीच घेत नाही.

ज्यांना शुगर आहे त्यांचं काय?

गुळाचा करदंट ‘चालतो’ असं सांगू नका. गूळ आणि साखर यांत त्या बाबतीत फारसा फरक नाही. खजूर आणि बेदाण्यांचंही तसंच. त्यांच्या हाताशी भाजलेले बदाम, काजू, पेरूच्या फोडी, खारे शेंगदाणे राहतील असं ताट फिरवून ठेवा. बाकी त्यांचं पथ्य त्यांना माहीत असतं.

लहान मुलं असतील तर?

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाताच्या उंचीवर अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं आणि बोरं नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरा, आडवी चिरून गोल चकत्या करू नका. मध ठेवलाच असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला चाटवू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला कोणी असेल तर शेंगाची पोळी, चिक्की आणि भडंग वेगळ्या ताटात.

फुलं लावली तर छान दिसेल ना?

दिसेल, पण बाजारातल्या गुलाबावर फवारणी असते. त्याच्या पाकळ्या अन्नाला लागू देऊ नका. घरचा गावठी गुलाब धुऊन, पुसून चालतो. कण्हेर विषारी आहे, ती ताटाच्या जवळपासही नको. पुदिन्याची चार पानं पुरतात.

पदार्थांवर चिठ्ठ्या हव्यात का?

हव्यात, आणि मराठीबरोबर कन्नडमध्येही. आपल्याकडच्या कार्यक्रमात दोन्ही भाषांची माणसं असतात. डिंकाचे लाडू म्हटल्यावर जे बिचकतात ते ‘अंटिन उंडे’ वाचून लगेच हात घालतात. नावाखाली लहान अक्षरात अंडं, शेंगदाणे, मध यांपैकी काय आहे ते लिहा. चिठ्ठी टूथपिकला लावून पेढ्यात खोचू नका. लवंग खोचून करदंटाच्या तुकड्यावर टेकवा, किंवा वाटीला चिकटवा.

ताट निपाणीहून बेळगावला न्यायचं आहे. मांडून नेऊ का?

मांडून काहीही नेऊ नका. पहिल्याच गतिरोधकाला बेदाणे श्रीखंडात जातात. प्रत्येक पदार्थ आपापल्या डब्यात, कुंदा घट्ट झाकणाच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसह, मांडे सपाट खोक्यात आडवे आणि त्यांच्यावर काहीही नाही. मांडून बघायचंच असेल तर घरी एकदा मांडा, मोबाइलवर फोटो घ्या, उतरवा. तिथे फोटो बघून वीस मिनिटांत होतं. सुरी, बटर पेपर, चिमटे, ओलं आणि कोरडं फडकं एका पिशवीत बरोबर घ्या. यजमानांच्या स्वयंपाकघरात ऐनवेळी चिमटा सापडत नाही.

उरलेलं काय करायचं?

कापलेली फळं आणि वाटीतलं हात लागलेलं श्रीखंड टाकून द्या. करदंट, पेढे पुसून डब्यात. पेढे-कुंद्याचा चुरा दुधात उकळला की मुलांसाठी बासुंदीसारखं होतं. ओल लागलेले काजू, बदाम तव्यावर परता आणि दोन दिवसांत संपवा.

फळी धुवायची कशी?

बुडवून ठेवायची नाही, उन्हात तापवायची नाही. तडकते. चिकटलेला गूळ गरम ओल्या फडक्याने दोन मिनिटं झाकून ठेवला की आपोआप सुटतो, सुरीने खरवडू नका. थोड्या साबणाने पुसा, लगेच कोरडी करा आणि सावलीत उभी ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी. पावसाळ्यात आडवी ठेवलेली फळी खालच्या बाजूने बुरशी धरते. तशी काळी टिपकी दिसली तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसून वाळवा. महिन्यातून एकदा खाद्य प्रतीचं मिनरल ऑइल चोळा. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल लावलं तर काही आठवड्यांत खवट वास येतो, आणि तो पुढच्या पेढ्याला लागतो.